स्टोइक म्हणजे निगरगट्ट नव्हे!

मंडळी, आज जरा भांडायच्या मनःस्थितीत आहे. आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर कुणी 'काकू, तुम्ही हल्ली फार चिडता' असं म्हणायला नको.

भांडण आहे एका शब्दावरून. स्टोइक. गेली काही वर्षं या शब्दाचं पीक आलंय. मोबाईल उघडला की पांढऱ्या संगमरवरी दाढीवाल्याचा पुतळा, मागे ढगांचा गडगडाट, आणि खाली एक वाक्य : कुणाची पर्वा करू नका, भावना दाखवू नका, शांत राहा आणि जिंका. भाचे, पुतणे, जुने विद्यार्थी, सगळे मला हे पाठवतात. 'बाई, तुम्ही पूर्वी वर्गात ग्रीकांबद्दल सांगायचात ना, हे बघा!' पाठवणाऱ्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण त्या पुतळ्याच्या तोंडी जे घातलेलं असतं, ते वाचून माझ्या कपाळावर आठ्या पडतात.

माझं म्हणणं एका वाक्यात असं. स्टोइकांनी चार सद्‌गुण सांगितले, आणि हल्लीच्या विक्रेत्यांनी त्यातला एक गुपचूप काढून टाकला. खाटेचा एक पाय कापायचा आणि वर 'नवीन, सुटसुटीत खाट' म्हणून विकायची, त्यातला प्रकार. तो कापलेला पाय म्हणजे न्याय.

आता जरा मुळापासून. (बाईंची सवय आहे, सहन करा.)

सायप्रस बेटावर किटियॉन नावाचं गाव होतं, आजच्या लार्नाकाच्या जागी. तिथला झेनो हा व्यापारी. गोष्ट अशी सांगतात की जांभळ्या रंगाचा माल घेऊन जाणारं त्याचं जहाज फुटलं, आणि हा अथेन्सला येऊन पोचला. तिथे एका पुस्तकविक्याच्या दुकानात त्याने सॉक्रेटिसविषयीचं पुस्तक वाचलं आणि विचारलं की अशी माणसं कुठे भेटतात. पुढे बरीच वर्षं शिकून त्याने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास स्वतः शिकवायला सुरुवात केली. कुठे? स्वतःच्या बंगल्यात नव्हे, फी भरून आत सोडणाऱ्या आश्रमातही नव्हे. अथेन्सच्या भर बाजारचौकाला लागून एक लांब, खांबांची ओसरी होती. तिच्या भिंतींवर मॅरेथॉनच्या लढाईची वगैरे चित्रं होती, म्हणून ती चित्रांची ओसरी. ग्रीकमध्ये ओसरीला 'स्टोआ' म्हणतात. त्या ओसरीवरचे ते स्टोइक. म्हणजे आपल्या भाषेत 'ओसरीकर'! ज्या विचाराचं नावच सार्वजनिक ओसरीवरून पडलं, तो विचार माणसाला खोलीत कोंडून घ्यायला कसा सांगेल, हा साधा प्रश्न तरी पडायला हवा.

झेनोनंतर क्लीअँथिस आला. हा रात्री बागांना पाणी घालून पोट भरायचा आणि दिवसा शिकायचा. त्याच्यानंतर क्रिसिपस. त्याने सातशेहून अधिक ग्रंथ लिहिले असं म्हणतात, पण त्यातलं एकही पूर्ण आपल्यापर्यंत आलं नाही. आज आपण जे वाचतो ते बहुतेक पुढच्या रोमन काळातलं. सेनेका हा दरबारी, एपिक्टेटस हा गुलाम आणि मार्कस ऑरेलियस हा सम्राट. तीन माणसं, समाजाच्या तीन टोकांची. एकच विचार तिघांना पुरला, ही मला या तत्त्वज्ञानातली सर्वात विलक्षण गोष्ट वाटते.

विचार काय होता? माणसाचं भलं फक्त एकाच गोष्टीत आहे, त्याच्या चांगुलपणात. पैसा, आरोग्य, कीर्ती, दीर्घायुष्य या गोष्टी असाव्यात, मिळाल्या तर घ्याव्यात. पण त्या असल्याने माणूस चांगला होत नाही आणि नसल्याने वाईट होत नाही. आणि चांगुलपणा म्हणजे काय, तर चार गोष्टी. पहिली विवेक, म्हणजे काय करावं आणि काय टाळावं हे कळणं. दुसरी न्यायबुद्धी, म्हणजे दुसऱ्याचं देणं दुसऱ्याला देणं आणि माणसांशी माणसासारखं वागणं. तिसरी धैर्य. चौथी संयम. स्टोइकांचं आग्रहाचं म्हणणं होतं की हे चार एकमेकांत गुंफलेले आहेत; एक असेल तर चारही असतील, एक नसेल तर बाकीचेही खरे नाहीत. म्हणजे न्यायबुद्धी नसलेल्या माणसाचं धैर्य हे धैर्यच नव्हे. दरोडेखोरही घाबरत नाही. त्याला आपण सद्‌गुणी म्हणत नाही.

आता त्या मोबाईलवरच्या पुतळ्यांकडे पुन्हा बघा. धैर्य आहे? आहे, अगदी दंडाच्या बेटकुळ्यांसकट. संयम आहे? पहाटे चारला उठणं, थंड पाण्याने अंघोळ, सगळं आहे. विवेक आहे? निदान तसा आव तरी आहे. आणि न्याय? शोधून सापडणार नाही. शेजाऱ्याचं, मोलकरणीचं, हाताखालच्या माणसाचं काय करायचं, याबद्दल तो पुतळा मूग गिळून बसलेला.

यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं : 'पण एपिक्टेटस तर म्हणतो ना, की जे आपल्या हातात नाही त्याचा विचार सोडा!' हल्ली त्याला 'डायकॉटमी ऑफ कंट्रोल' असं भारदस्त नावही मिळालंय. चला, तर मग एपिक्टेटसकडेच जाऊ.

हा इसवी सन ५० च्या सुमारास हिएरापोलिसला जन्मला, आजच्या तुर्कस्तानात पामुक्कले आहे तिथे. गुलाम म्हणून वाढला. त्याचा मालक एपॅफ्रोडायटस हा स्वतः पूर्वी गुलामच होता आणि नीरो बादशहाच्या दरबारात मोठ्या जागी पोचला होता. एपिक्टेटस पायाने अधू. पुढे मुक्त झाला, शिकवू लागला. डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना रोममधून हाकललं तेव्हा ग्रीसमधल्या निकोपोलिसला जाऊन त्याने शाळा काढली. त्याने स्वतः एक ओळ लिहिली नाही. एरियन नावाच्या विद्यार्थ्याने वर्गातल्या टिपणांवरून सगळं लिहून ठेवलं. (टिपणं नीट काढणाऱ्या विद्यार्थ्याचे जगावर किती उपकार होतात, हे मी पस्तीस वर्षं वर्गात सांगत होते. कोण ऐकतो!)

एपिक्टेटस म्हणाला ते असं : आपली मतं, आपले निर्णय, आपली इच्छा आणि नकार एवढंच आपल्या हातात आहे. शरीर, मालमत्ता, लोकांचं बोलणं, पद हे आपल्या हातात नाही. बरोबर. पण यातून 'मग जगाचं काहीही होवो' हे कुठून निघालं? उलट निघतं! परिणाम माझ्या हातात नाही, म्हणून परिणामाची भीती मला कर्तव्यापासून अडवू शकत नाही. जुने स्टोइक तिरंदाजाचं उदाहरण द्यायचे. नेम धरणं, हात स्थिर ठेवणं, बाण नीट सोडणं हे तिरंदाजाचं काम. मधेच वारा आला, हरिण हललं, तर त्याचा इलाज नाही. पण वारा येऊ शकतो म्हणून ज्याने धनुष्यच उचललं नाही, तो तिरंदाज नव्हे. तो नुसता मैदानात बसलेला माणूस.

एपिक्टेटसने स्वतः दिलेलं उदाहरण तर माझ्या बाजूने साक्ष द्यायलाच आल्यासारखं आहे. हेल्विडियस प्रिस्कस नावाचा रोमन सिनेटचा सभासद होता. वेस्पेशियन बादशहाने त्याला निरोप पाठवला की सभेला येऊ नकोस. त्याचं उत्तर साधारण असं की मला सभासदत्वावरून काढणं तुमच्या हातात आहे, पण जोवर सभासद आहे तोवर येणं माझं काम आहे. आलास तर गप्प बस, असं बादशहा म्हणाला. त्यावर हा म्हणतो, मला मत विचारू नका, गप्प बसेन. विचारणं तर भागच आहे, असं बादशहाने म्हटल्यावर याचं म्हणणं, मग मला योग्य वाटेल ते बोलणंही भाग आहे. शेवटी जिवे मारण्याची धमकी आली. मारणं हे तुमचं काम आणि न डगमगता मरणं हे माझं, एवढंच त्याचं त्यावर उत्तर. पुढे खरोखरच त्याला आधी हद्दपार केलं आणि मग मारलं. आता सांगा, 'हातात काय आहे' या विचाराने हा माणूस घरी बसला की उठून सभेला गेला?

त्याचा सासरा थ्रेसिया पीटस. त्याचंही ऐका. इसवी सन ५९ मध्ये नीरोने स्वतःच्या आईचा खून करवला आणि सिनेट त्याबद्दल देवाचे आभार मानणारे ठराव करू लागली. थ्रेसिया उठला आणि सभेतून चालता झाला. बस्स, एवढंच. आरडाओरडा नाही, भाषण नाही. सात वर्षांनी, ६६ मध्ये, त्याला मृत्युदंड झाला. याला म्हणतात स्टोइक शांतपणा.

आता अथेन्स-रोमहून जरा आमच्या सोसायटीत येऊ. मागे एकदा रात्रपाळीच्या वॉचमनचा दोन महिन्यांचा पगार ठेकेदाराने अडकवला होता. मीटिंगमध्ये मी विषय काढला. एक तरुण, हुशार, चांगल्या नोकरीतला मुलगा मला शांतपणे म्हणाला, 'काकू, हे आपल्या कंट्रोलमध्ये नाही. मी हल्ली स्टोइसिझम वाचतोय. अशा गोष्टींनी डिस्टर्ब व्हायचं नाही.' मी म्हटलं, बाळा, ठेकेदाराचं मन आपल्या कंट्रोलमध्ये नाही हे खरं. पण ठेकेदाराला पत्र लिहिणं आहे. त्याचं पुढचं बिल मंजूर करण्याआधी पगाराच्या पावत्या मागणं आहे. वॉचमनला 'आम्ही विचारतोय' एवढं सांगणं तर नक्कीच आहे. शेवटी आम्ही पाच जणांनी सही करून पत्र दिलं. एका महिन्याचा पगार मिळाला, दुसऱ्यासाठी अजून भांडणं चालू आहेत. म्हणजे बाण अर्धाच लागला. पण सोडला तरी!

त्या मुलाचा मला राग नाही. त्याला शिकवणाऱ्यांचा आहे. 'माझ्या हातात नाही' हे वाक्य फार धोक्याचं आहे, कारण ते खरंही असू शकतं आणि पळवाटही असू शकतं, आणि दोन्ही वेळा ते ऐकायला अगदी सारखं लागतं.

मार्कस ऑरेलियसने याचा विचार केला होता. हा १६१ ते १८० रोमचा सम्राट. साथीच्या रोगाने साम्राज्य पोखरलेलं, सरहद्दीवर वर्षानुवर्षं लढाया, घरात तेरा-चौदा मुलं झाली आणि त्यातली निम्म्याहून अधिक लहानपणीच गेली. स्वतःसाठी म्हणून त्याने ग्रीकमध्ये टिपणं लिहिली, तीच आज बारा भागांत 'मेडिटेशन्स' म्हणून वाचली जातात. त्यात त्याने स्वतःला बजावलंय की अन्याय नेहमी काहीतरी केल्यानेच होतो असं नाही, काही न केल्यानेही होतो. हे वाक्य त्या पुतळ्याखाली मी अजून एकदाही पाहिलेलं नाही. का बरं? कारण ते वाचून कुणाला थंड पाण्याने अंघोळ करावीशी वाटत नाही, उठून कुणाच्या तरी दारात जावं लागतं.

आणखी एक साक्षीदार, हिरोक्लीस. दुसऱ्या शतकातला, फारसा कुणाला माहीत नसलेला. तो म्हणतो, प्रत्येक माणसाभोवती वर्तुळं असतात. आत आपण स्वतः, मग आईवडील-भावंडं-मुलं, मग काका-मामा-आत्या, मग इतर नातलग, मग गावकरी, मग देशबांधव, आणि सर्वात बाहेर सगळी माणसं. शहाण्याचं काम म्हणजे बाहेरची वर्तुळं एकेक करून आत ओढणं. त्यासाठी त्याने उपाय कोणता सांगावा? चुलत भावंडांना भाऊ-बहीण म्हणा आणि काका-मावशांना आईबाप म्हणा! वाचून मला हसू आलं. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो आणि रिक्षावाल्याला काका, ते याहून वेगळं काय आहे? फक्त म्हणण्यापुरतं ठेवायचं की वागायचंही, एवढाच प्रश्न.

आता भावनांविषयी. 'स्टोइक म्हणजे दगड' हा समज इतका पसरलाय की इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थच तो झालाय. स्टोइकांना भावना नको नव्हत्या, चुकीच्या समजुतीतून उसळणारे विकार नको होते. आनंद, सावधपणा आणि भल्याची इच्छा या भावना तर शहाण्या माणसाजवळ असतातच, असं ते मानत. जुन्या एका रोमन ग्रंथात गोष्ट आहे, वादळात सापडलेल्या जहाजावर एक स्टोइक पांढराफटक पडला. नंतर कुणीतरी टोमणा मारला. त्याने उत्तर दिलं ते एपिक्टेटसच्या आधाराने : पहिला धक्का सगळ्यांनाच बसतो, शहाण्यालाही, फरक पडतो तो पुढे, त्या धक्क्याला आपण होकार देतो की नाही यात. आणि मार्कस आपल्या शिक्षकाच्या मृत्यूने रडला, दरबारी त्याला आवरू लागले, तेव्हा त्याला दत्तक घेतलेल्या सम्राटाने त्यांना थांबवलं आणि त्याला माणूस राहू द्या म्हणून सांगितलं, अशी आठवण एका जुन्या चरित्रात आहे. (शिक्षकासाठी रडणारा विद्यार्थी! आम्हा शिक्षकांचा हा मुद्दा पक्षपाती धरला तरी चालेल.)

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर मीच अन्याय करीन. सेनेका प्रचंड श्रीमंत होता आणि साधेपणावर लिहायचा. नीरोने आईला मारल्यावर सिनेटला गेलेलं समर्थनाचं पत्र सेनेकाच्या हातचं होतं, असं टॅसिटस या इतिहासकाराने नोंदवलंय. म्हणजे ज्या पत्रानंतर थ्रेसिया उठून गेला, ते पत्र दुसऱ्या स्टोइकाचं! गुलामांना माणसासारखं वागवा, त्यांच्याबरोबर जेवा, असं याच सेनेकाने एका सुंदर पत्रात लिहिलं, पण गुलामगिरीच बंद करा असं तो म्हणाला नाही. मार्कसही नाही. मुसोनियस रूफस हा एपिक्टेटसचा गुरू. त्याने मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या, बायकांनीही तत्त्वज्ञान शिकावं, असं त्या काळात सांगितलं, हे मला फार मोठं वाटतं. पण एकूणात न्यायाची पट्टी त्यांनी दिली आणि सगळीकडे लावली नाही, हे मान्य करायलाच हवं. मात्र पट्टी अपुरी लावली म्हणून पट्टीच मोडून फेकायची, हा कुठला न्याय?

काही वाचक आता म्हणणार, 'यात नवीन काय, आपल्या गीतेत स्थितप्रज्ञ आहेच की.' आहे. साम्यही आहे. पण नुसतं 'आपल्याकडे आहेच' म्हणून पुस्तक मिटू नका. कारण आपल्याकडेही नेमकं हेच भांडण झालंय. अलिप्त होणं म्हणजे कर्म सोडणं, की फळाची आस सोडून कर्म करणं? मंडालेच्या तुरुंगात बसून टिळकांनी एवढं जाडजूड 'गीतारहस्य' लिहिलं (ते १९१५ साली छापून आलं), ते याच प्रश्नाचं उत्तर द्यायला. त्यांचं उत्तर कर्माच्या बाजूचं होतं. स्टोइकांचंही तेच.

शेवटचा आणि मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. एकच वाक्य कोण कुणाला म्हणतंय, यावर त्याचा अर्थ ठरतो. 'परिस्थिती बदलता येत नाही, मन बदल' हे गुलाम एपिक्टेटसने स्वतःला म्हटलं, तेव्हा ते स्वातंत्र्य होतं. मालकाने बांधून ठेवलं तरी आत एक जागा अशी आहे की जिथे त्याचा हात पोचत नाही, हा शोध होता. पण तेच वाक्य मालक गुलामाला म्हणू लागला, तर ती बेडी झाली. आज दहा माणसांचं काम चौघांकडून करून घ्यायचं आणि वर त्या चौघांना मनःशांतीचं शिबिर भरवायचं, असं चालतं. सुनेला सोसायला लावायचं आणि वर 'मनाला लावून घेऊ नकोस' असं सांगायचं, हेही चालतं. हे स्टोइक नव्हे. स्टोइक वाक्यं स्वतःला सांगायची असतात. दुसऱ्याला द्यायचा असतो तो न्याय.

तेव्हा माझी विनंती एवढीच. सेनेका रोज रात्री दिवा मालवल्यावर दिवसाचा हिशोब घ्यायचा : आज कुठलं वाईट वळण आवरलं, कुठल्या दोषाशी झुंजलो, कुठे सुधारलो. फार चांगली सवय आहे, जरूर लावून घ्या. फक्त त्यात एक प्रश्न माझ्याकडून जोडा : आज कुणाचं देणं माझ्याकडे राहिलं? उत्तर रोज थोडं टोचेल. टोचू दे. न टोचणारा स्टोइक म्हणजे निव्वळ संगमरवर.

असो. बरंच लांबलं. पटलं नसेल तर जरूर भांडा, मी शांत राहायचा प्रयत्न करीन. वचन देत नाही!